एक्केचाळीस इंचांवरची खिडकी

मास्तरीणबाई शाळेत चौथीच्या पुढे गेल्या नव्हत्या. पण नवरा टेलरमास्तर, म्हणून लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून अख्खी गल्ली त्यांना मास्तरीणबाई म्हणायला लागली, आणि बिनपरीक्षेची ती पदवी त्यांनी चाळीस वर्षं इमानानं सांभाळली. दुकानात पुढे मास्तर, मशीन, आरसा आणि गिऱ्हाईक. मागच्या खोलीत त्या, सुईदोरा आणि काजं-बटणं. समोर भिंत. भिंतीवर ओलीचा एक डाग होता. पहिली दहा वर्षं तो बदकासारखा दिसायचा, मग त्याला मान फुटली, आणि पुढे पुढे तो थेट सासूबाईंसारखा दिसायला लागला, तेव्हा त्यांनी त्याच्याशी बोलणं सोडलं.

लग्नानंतर एकदाच दोघं समुद्र बघायला गेले होते. मास्तरीणबाई वाळूत बसल्या त्या बसल्याच. लाट येते, जाते, कुणी हाक मारत नाही, कुणी "झालं का?" म्हणून विचारत नाही. अर्ध्या तासानं मास्तरांनी उठवलं, कारण कुणाला तरी त्या संध्याकाळी कोट द्यायचा होता. धावतपळत बस गाठली. कोट पुढे तीन आठवड्यांनी दिला, तो भाग वेगळा. पण बसमध्ये बायकोचा चेहरा बघून मास्तरांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "एक दिवस तुला समुद्रासमोर बसवीन. खुर्ची, खिडकी आणि समोर पाणी. बसल्या बसल्या बघ."

तो शब्द मास्तरीणबाईंनी मनात घडी घालून ठेवला. मास्तरांचा वायदा म्हणजे काय चीज असते, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मास्तरांच्या दुकानाबद्दल दोनच गोष्टी प्रसिद्ध होत्या: माप कधी चुकायचं नाही आणि वायदा कधी पाळला जायचा नाही. "संध्याकाळी या, तयार असेल," हे वाक्य ते इतक्या श्रद्धेनं म्हणत की गिऱ्हाईक खरोखरच संध्याकाळी यायचं. मापाच्या बाबतीत मात्र ते देवाचीही भीड धरत नसत. वीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक आलं आणि "मागचंच माप धरा" म्हणालं, की मास्तर कात्री खाली ठेवत. म्हणत, "मागचं माप मागच्या माणसाचं. आज आलाय त्याला उभा करा." मग टेप, खडू, वही आणि दर वेळी नवं पान.

या नियमातून जगात एकच व्यक्ती सुटली होती. बायकोचं माप लग्नाच्या वर्षी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, त्यानंतर पुन्हा कधी घेतलंच नाही. बायकोच्या मापासाठी टेप काढावी लागली तर मी टेलर कसला आणि नवरा तरी कसला, असं ते गिऱ्हाइकांना ऐकवत. त्यात प्रेम किती आणि मिजास किती, हे निवडणं म्हणजे तांदळातून तांदूळ निवडण्यासारखं होतं.

आणि गंमत अशी की दर वर्षी बायकोसाठी शिवलेला झगा बसायचाही अगदी बेतशीर. चाळीस वर्षांत एक टाका बदलावा लागला नाही, असं मास्तर सांगत, आणि गिऱ्हाईक मागच्या खोलीत डोकावून कौतुकानं बघत असे. मास्तरीणबाई तेव्हा खाली मान घालून काजं करत. कारण खरी गोष्ट अशी की माणूस काजांवर वाकून बसला की पाठही हळूहळू काजांच्याच बाजूची होते. दहाएक वर्षांपूर्वी पहिल्यांदा नवा झगा इंचभर लांब झाला. त्या सांगणार होत्या. पण मास्तरांनी झगा इतक्या हौसेनं हातात ठेवला होता की तोंडातला शब्द तोंडातच राहिला. सकाळी लवकर उठून त्यांनी खालची कड आत दुमडली, खांद्याला दोन टाके घातले, वर इस्त्री फिरवली. पुढच्या वर्षी दीड इंच. मग दोन. सुई हातात होतीच, मास्तरांना कळायचं कारण नव्हतं. खोटं बोलण्याचं पाप नको म्हणून त्या गप्प बसत. गप्प बसण्याचं पाप कुठल्या वहीत लिहितात, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही.

अशी चाळीस वर्षं गेली आणि एक दिवस मास्तरांनी दुकान विकून समुद्रकाठी जागा घेतली.

जागा विकणाऱ्यानं सांगितलं होतं, चारी बाजूंना निसर्ग आहे. तो मनुष्य खोटं बोलला नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळूची टेकडी, उरलेल्या दोन बाजूंना सुरूची झाडं, आणि पायाखाली खेकडे, मुंग्या आणि वाळूत राहणारी आणखी बरीच मंडळी, जी निसर्गातच मोडत असली तरी कुणी जाहिरातीत घालत नाही. मुलगी नवऱ्याच्या गावाहून मुद्दाम बघायला आली. तिनं दवाखाना किती लांब ते विचारलं, बाजार किती लांब ते विचारलं, आणि शेवटी आईला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, तुला खरंच यायचंय का इथे?" मास्तरीणबाई समुद्राकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "खिडकी होणारे मला."

घराचा आराखडा करायला एक आर्किटेक्टबाई आल्या. तरुण, उत्साही, गळ्यात चष्मा. त्या म्हणाल्या की घर निसर्गात विरघळून गेलं पाहिजे. मास्तर म्हणाले, नव्या घरानं विरघळून कसं चालेल? मग बाईंनी दिवाणखान्याला जमिनीपासून छतापर्यंत काच सुचवली. ती मास्तरांनी मान्य केली, आरशाची सवय असलेल्या माणसाला काचेचं वावडं नसतं. बाकी सगळं मात्र मापावर. स्वयंपाकाचा ओटा बायकोच्या कोपरापासून किती खाली, मास्तरांच्या कोटाची खुंटी किती वर, सगळं त्यांनी स्वतः सांगितलं. आणि खिडकीचं माप तर तोंडपाठ. खुर्ची सतरा इंच. बैठकीपासून डोळे अठ्ठावीस. झाले पंचेचाळीस. त्यातून चार वजा, म्हणजे खिडकीची खालची कड जमिनीपासून एक्केचाळीस इंचांवर: समुद्राचा वारा मांडीवरचं काम उडवणार नाही, छातीवर येणार नाही, आणि डोळ्यांना मात्र पाणी दिसेल. आर्किटेक्टबाई म्हणाल्या, "काका, थोडी खाली घेऊ या ना. जास्त मोकळं वाटेल." मास्तर म्हणाले, मोकळं वाटणं आणि ढगळ होणं यांत फरक असतो.

कुठलाही कोट शिवताना आधी कच्च्या टाक्यांचा उभा करून अंगावर घालून बघतात. मास्तरांनी घरही तसंच आधी कच्चं उभं करायचं ठरवलं. जुन्या दुकानातलं अस्तराचं कापड ठाणंच्या ठाणं उरलं होतं. जागेवर बांबू रोवले, दोऱ्या ताणल्या, आणि दोन दिवसांत खोल्या, दारं, खिडक्यांसकट अस्तराचं घर उभं राहिलं, सगळं धावदोऱ्यात. किनाऱ्यावर फिरायला आलेले दोघेतिघे खेळ किती वाजता सुरू होणार म्हणून विचारून गेले.

बांधकामाचा मिस्त्री म्हणजे तोंडानं फटकळ आणि हातानं सरळ माणूस. त्यानं ते घर बघितलं, दारातून वाकून आत गेला, बाहेर आला आणि म्हणाला, आता फक्त प्लास्टर राहिलं.

मास्तरीणबाईंना खुर्चीवर बसवलं. समोर अस्तराला कापून केलेली खिडकी. आणि त्या चौकटीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, समुद्र. एक होडी होती. होडीत माणूस जाळं गोळा करत होता, तोही दिसत होता. मास्तरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांनी ते बघितलं आणि टेप गळ्याभोवती गुंडाळून ते दुसऱ्या खोलीच्या फिटिंगला गेले.

आता त्या दिवशी वारा होता. वाऱ्यानं अस्तर ओढलं गेलं होतं आणि खिडकी चांगली वीतभर खाली लोंबत होती. चाळीस वर्षं कापडाशी संसार केलेल्या दोघांनाही ते दिसलं नाही. एकाला आपल्या मापाचा भरवसा होता, दुसरीला होडी दिसत होती.

मिस्त्रीला ते दिसलं. भिंत खिडकीपर्यंत चढली तेव्हा त्यानं टेप लावून बघितली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मास्तर, आजींना एकदा बसवून घेऊ का इथे? विटा काय, आत्ता दोन काढता येतात."

मास्तर ताठ झाले. "मिस्त्री, तुमच्या बायकोची चप्पल आणायची झाली तर तिला दुकानात न्यावं लागतं का?"

"लागतं की. नाहीतर ती मला परत पाठवते."

"आमच्याकडे चाळीस वर्षांत काही परत आलेलं नाही."

मास्तरीणबाई तिथंच उभ्या होत्या, चहाची किटली आणि कप घेऊन. मिस्त्रीनं त्यांच्याकडे बघितलं. बोलायची वेळ असेल तर ती हीच होती. जिभेवर शब्द आला, दातांपर्यंत आला. पण मास्तर परक्या माणसादेखत ताठ उभे होते, आणि आपल्याला काय, परवा इथेच बसून होडी दिसली होती, असा त्यांनी स्वतःच्या मनाशी हिशेब केला. त्यांनी मिस्त्रीला चहा दिला. मिस्त्रीनं दोन घोटांत चहा संपवला, आणि एक्केचाळीसवर ओळंबा धरून चौकट बसवली.

घर झालं. वायद्यापेक्षा पाच महिने उशिरा, पण मास्तरांना ते उशिरात मोजायची सवय नव्हती.

पहिल्या दिवशी सामान लागायच्या आधी मास्तरांनी खुर्ची खिडकीपुढे ठेवली आणि बायकोला हात धरून बसवलं. त्या बसल्या. समोर भिंत होती. नवी, पांढरी, गुळगुळीत, एकही डाग नसलेली भिंत. त्या भिंतीच्या वर खिडकी होती, आणि खिडकीत आकाश होतं.

"दिसतो?" मास्तरांनी मागून विचारलं.

चाळीस वर्षांचा वायदा पुरा केलेला माणूस मागे उभा होता. त्याच्या आवाजात जे होतं, ते त्यांनी मुलीच्या जन्माच्या वेळी एकदा ऐकलं होतं.

"छान दिसतो," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून रोज सकाळी त्या तिथे बसत. मान ताणली की पाण्याची बारीक रेघ दिसायची, झग्याच्या कडेला धावदोरा दिसावा तेवढी, आणि मग मान दुखायची. उशी घेऊन बघितली, तर पाय लोंबकळत आणि मांडीवरचं काम घसरून खाली जाई. दिवाणखान्यातली छताएवढी काच होती, पण दुपारच्या उन्हानं कापडाचे रंग उडतात म्हणून मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात तिला दुहेरी अस्तराचे पडदे शिवले होते. पडदे इतके देखणे झाले की ते सरकवायचा कुणाला धीर होईना. सारांश, घर समुद्रावर बांधलं होतं आणि समुद्र सोडून त्यात सगळं येत होतं. वाळू मशीनमध्ये येत होती, खेकडे न्हाणीघरात येत होते, खारा वारा कात्रीला गंज चढवत होता.

मास्तर रोज विचारत, आज कसा आहे समुद्र? आणि मास्तरीणबाई आकाशाकडे बघून अंदाजानं सांगत. ढग असले की खवळलाय म्हणत, ऊन असलं की शांत आहे म्हणत. हळूहळू त्यात त्यांचा हातही बसला. एकदा तर त्यांनी एक जहाजही गेलं म्हणून सांगितलं. मास्तर इतके खूश झाले की संध्याकाळी त्यांनी ते मुलीला फोनवर सांगितलं. त्या दिवशी देवापुढे दिवा लावताना मास्तरीणबाईंना वर बघवेना. एक गोष्ट बरीक त्यांना आता पुरती कळली होती. झगा दुमडता येतो. भिंत दुमडता येत नाही.

घराचे फोटो काढायला आर्किटेक्टबाई कुणाला तरी घेऊन यायच्या होत्या. मुलगीही येणार होती. मास्तरांनी त्या दिवसासाठी बायकोला नवा झगा शिवायला घेतला, गडद निळा, दुकानातल्या शेवटच्या चांगल्या ठाणातला. आदल्या सकाळी देतो म्हणाले. मग दुपारी म्हणाले, मग "संध्याकाळी नक्की" म्हणाले, आणि मास्तरीणबाईंनी सुईत दोरा ओवून ठेवला. सगळ्या जन्मात त्यांनी नवऱ्याच्या उशिराबद्दल तक्रार केली नव्हती, पण त्यांचा स्वतःचा सगळा कारभार त्या उशिरानंतरच्या एका सकाळवर चालत होता.

झगा त्यांच्या हातात पडला तो दुसऱ्या दिवशी दहा वाजता, आणि फोटोवाल्यांची गाडी दारात साडेदहाला. मुलगी आदल्या गाडीनं आलीच होती, ती झगा घालायला मदत करू लागली. दुमडायला वेळच नव्हता.

मास्तरीणबाई दिवाणखान्यात आल्या तेव्हा झगा त्यांच्यामागून वीतभर उशिरा आला. खांदे दंडावर उतरले होते. बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी दिसत होती. आर्किटेक्टबाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला.

मास्तर बघत राहिले. आधी म्हणाले, कापड सैल पडलं असेल, समुद्राची हवा. मग गळ्यातली टेप काढली, परत ठेवली. मग आतल्या खोलीत गेले आणि कपाट उघडलं. मास्तरीणबाई झगा दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या मागे गेल्या. मास्तर एकेक झगा काढून त्याची खालची कड उलटी करून बघत होते. इंच. दीड. दोन. अडीच. तीन. चार. आतल्या दुमडीचे टाके इतके बारीक होते की बाहेरून शोधूनही सापडले नसते, आणि असे टाके घालणारी माणसं मास्तरांच्या ओळखीत एकच होती.

ते बिछान्याच्या कडेवर बसले. बराच वेळ हातातल्या झग्याची कड अंगठ्यानं चाचपत होते.

"खिडकीपाशी बस बघू," ते म्हणाले.

त्या बसल्या.

"काय दिसतं?"

आता खोटं कशाला, आणि कुणासाठी? "आकाश," त्या म्हणाल्या.

"आणि?"

"पक्षी गेला तर पक्षी."

"आणि ते जहाज?"

मास्तरीणबाईंनी लोंबणाऱ्या बाहीत बोटं लपवली. मास्तर खाली गुडघ्यांवर बसले, बायकोच्या डोळ्यांच्या पातळीत आले, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघितलं. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका ताठ पाठीच्या मुलीला ती खिडकी अगदी अंगाबरोबर बसली असती. त्यांनी तिच्यासाठी एवढं मोठं घर बांधलं होतं, आणि जिला त्यात राहायचं होतं तिला उभं करून बघितलं नव्हतं.

"सांगायचं नाही?" ते म्हणाले.

"तुम्ही विचारायचं नाही?"

मास्तरांनी टेप काढली. फोटोवाले बाहेर खोळंबले, आर्किटेक्टबाईंनी दोनदा घड्याळ बघितलं, आणि आत मास्तर बायकोचं माप घेत राहिले. खांदा, पाठ, बाही, बैठकीपासून डोळे. बावीस. ते त्यांनी दोनदा मोजलं. वही काढली, नवं पान उघडलं, वर तारीख घातली. मग मास्तरीणबाई म्हणाल्या, आता तुम्ही उभे राहा. मास्तर कशाला, कशाला म्हणत उभे राहिले. त्यांचीही उंची दोन इंच उतरली होती. मास्तर म्हणाले, ही टेप ताणली गेलीय. मास्तरीणबाई म्हणाल्या, टेप ताणली तर आकडा वाढतो की कमी होतो, ते चौथी पास बाईलाही कळतं. उंची उतरली म्हणूनच गेले दोन महिने तुमचा कोट खुंटीऐवजी खुर्चीवर असतो, हेही त्यांनी ऐकवलं. त्यांनी तो आकडा त्याच पानावर, खालच्या ओळीवर स्वतःच्या हातानं लिहिला.

मिस्त्रीला बोलावणं गेलं. तो आला, खिडकी बघितली, मास्तरांकडे बघितलं, पण माणूस मोठ्या मनाचा, म्हणून हसला फक्त डोळ्यांनी.

"आल्टरेशन होय? होईल की. गुरुवारी या."

"मिस्त्री, घर आमचं आहे. आम्ही इथेच आहोत."

"मग गुरुवारी इथेच असा," मिस्त्री म्हणाला, आणि दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी उगवला.

काम सुरू करण्यापूर्वी मात्र मास्तरांनी त्याला थांबवलं. मास्तरीणबाईंना खुर्चीवर बसवलं, स्वतः भिंतीवर खडूनं रेघ मारली, जिथे तिचे डोळे होते तिथे. त्याखाली चार इंचांवर दुसरी. थोडा वेळ थबकले, आणि त्याखाली वीतभर अंतरावर तिसरी मारून म्हणाले, इथवर काढा. मिस्त्रीनं विचारलं, एवढं खाली? मास्तर म्हणाले, पुढच्या खेपेला तुम्हाला परत बोलवायला नको. मग मांडीवरचं काम उडेल, अशी आठवण मास्तरीणबाईंनी करून दिली. उडू दे, मास्तर म्हणाले, उचलून देईन.

संध्याकाळपर्यंत विटा निघाल्या, दुसऱ्या दिवशी कड गुळगुळीत झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी मास्तरीणबाई खुर्चीवर बसल्या. निळा झगा त्यांच्या अंगावर होता, या वेळी मास्तरांनी स्वतः कमी केलेला. मागे मास्तर उभे होते, गळ्यात टेप.

"दिसतो?"

मास्तरीणबाईंनी घाई केली नाही. डावीकडून उजवीकडे नीट बघितलं. घरात आल्यापासून पहिल्यांदा बघून उत्तर द्यायचं होतं.

"ओहोटी आहे हो," त्या म्हणाल्या. "नुसता चिखल दिसतोय. पाणी पार तिकडे गेलंय."

मास्तर खिडकीपाशी आले. डोळे बारीक करून त्यांनी चिखलाकडे बघितलं, बसवताना कमी पडलेल्या बाहीकडे बघावं तसं. चाळीस वर्षांत या गिऱ्हाइकाची ही पहिली तक्रार होती, आणि ती ऐकताना त्यांचा चेहरा का उजळला, ते हिशेबाला आलेल्या मिस्त्रीलाही कळलं नाही.

"संध्याकाळी ये," मास्तर म्हणाले. "तयार असेल."

"संध्याकाळी म्हणजे नक्की संध्याकाळी ना?"

"नक्की."

मास्तरीणबाईंचा अर्थातच विश्वास बसला नाही. पण संध्याकाळी दिवा लावून त्या खुर्चीवर येऊन बसल्या, तर पाणी टेकडीच्या पायथ्याशी येऊन थांबलं होतं, काठोकाठ, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. मास्तरांनी दिलेला वायदा त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा वेळेवर पुरा झाला. शिवणारा दुसरा होता, म्हणून.